टाकीतली लेकरं

गुलाब मेश्राम कसा माणूस आहे हे सांगायचं तर आधी त्याचा उजवा कान सांगावा लागेल. बारा वर्षं रोज सकाळी तो राईस मिलच्या मागच्या दुमजली लोखंडी टाकीला हा कान लावून, डोळे मिटून उभा राहायचा. आत बुडबुड ऐकू आली की चेहरा सैल व्हायचा, आणि मगच बाह्या वर सारून कामाला लागायचा. मी हे रोज पाहिलं. मी योगराज पटले, विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मला सकाळी फिरायची सवय आहे आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची त्याहून जुनी सवय आहे.

आमचं चिंचटोला गाव गोंदियाकडच्या बिरसी विमानतळापासून जवळ. वैमानिकांच्या शाळेची लहान विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, पण आता गुरंसुद्धा मान वर करून बघत नाहीत. गावाच्या चढावर दुर्गाप्रसाद शेठची मिल, उतारावर बोडी. बोडी म्हणजे पाळ घालून अडवलेलं लहान तळं. त्या पाळीला लागून गुलाबचं घर आणि घरासमोर विहीर. आजूबाजूची सात घरं त्याच विहिरीचं पाणी पितात. पितात असं मी सवयीनं लिहून गेलो. पीत होती.

शेठच्या मिलमध्ये उसना तांदूळ निघतो. त्यासाठी धान आधी गरम पाण्यात कित्येक तास भिजवतात, मग वाफवतात. मागे उरतं ते तपकिरी, आंबूस, पेजेसारखं पाणी. पूर्वी ते सरळ नाल्यात सोडून द्यायचे, आणि नाला येतो आमच्या बोडीत. दोन हंगामांत बोडी काळी पडली, मासे पांढरं पोट वर करून तरंगले, आणि विहिरीच्या पाण्याला नासक्या भाताचा वास यायला लागला. सरपंचांनी अर्ज केले, मी त्या अर्जांतलं शुद्धलेखन सुधारलं. काम केलं ते गुलाबच्या बायकोनं. कुसुमबाईनं एक दिवस विहिरीतल्या पाण्याची भरली घागर मिलमध्ये नेली, शेठच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पेऊन पाहा, शेठ. तुमचंच हाय."

शेठनं ते प्यायलं नाही, पण प्रदूषण तपासणारे सरकारी साहेबही मागे लागले होते, तेव्हा टाकी बांधली. गुलाब त्या मिलमध्ये हमाल होता. पोती उचलून पाठ गेलेली. म्हणून त्याला टाकीच्या देखरेखीला बसवलं. बायको भांडते म्हणून नवऱ्याला काम मिळालं, असं लोक चेष्टेनं म्हणत आणि ते खरंही होतं.

भुपेंद्र नावाचा नागपूरचा इंजिनिअर आला. त्यानं दुसऱ्या गावच्या अशाच टाकीतला काळा गाळ टँकरनं आणून ओतला, वरून शेणाचा काला ओतला, झाकण घट्ट लावलं. "आत हवा जाता कामा नये," एवढं सांगून तो दुसऱ्या कामावर गेला. गुलाब माझ्याकडे आला.

"गुरुजी, त्या गाळात कोन हाय?"

काय आहे, असं त्यानं विचारलं नाही. मला तो प्रश्न इतका आवडला की मी त्याला तासभर सोडलं नाही. सांगितलं की आत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, एका थेंबात आपल्या जिल्ह्यातल्या माणसांहून जास्त. त्यांना हवा सोसत नाही. घाण पाणी हेच त्यांचं जेवण. ते जेवतात म्हणून पाणी निवळतं, आणि जेवून जो वायू सोडतात तो चुलीत जळतो. पण आत दोन जाती आहेत. एक जात पाण्यातल्या पिठासाखरेचं आंबट करते, दुसरी ते आंबट खाऊन गॅस करते. पंगत समज, मी म्हणालो. वाढपी तरणेताठे, घाईचे. जेवणारे म्हातारे, सावकाश चावणारे. वाढप्यांनी घाई केली तर पानात ढीग साचतो.

हे सगळं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पुढे जे झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

वर्ष-दीड वर्षात बोडी निवळली. आधी बेडूक परतले, मग मासे, मग पाळीवरच्या बाया धुणं घेऊन. विहिरीचा वास गेला. टाकीचा गॅस बॉयलरमध्ये भुशाच्या जोडीला जळायचा, मिलचा चहा त्याच्यावर व्हायचा, आणि उरलेला टाकीशेजारच्या उंच नळीच्या टोकाला फिकट निळा पेटलेला असायचा. गुलाबला त्या ज्योतीचा भारी अभिमान. भुपेंद्रच्या कंपनीनं दिलेल्या कागदाच्या पट्ट्या तो रोज टाकीच्या तोटीतून काढलेल्या पाण्यात बुडवायचा. पट्टी हिरवी झाली तर आतलं सगळं ठीक, नारिंगी झाली तर आत आंबट साचलं. बारा वर्षांत त्याची पट्टी नारिंगी झाली नाही. संध्याकाळी तो घरी आला की कुसुमबाई ताट वाढण्याआधी विचारायची, "जेवली का तुही लेकरं?" ती टोमणा मारायची, तो मात्र खरं उत्तर द्यायचा. "हाव, आज धान जाड होता, पोटभर जेवली." त्यांची स्वतःची एकच लेक, दीप्ती. ती लग्न होऊन छत्तीसगडात गेली होती. फोनवर तीसुद्धा आधी टाकीचं विचारायची.

गेल्या उन्हाळ्यात मिल बंद पडली. शेठला भरडाईला धान मिळालं नाही. त्याची कारणं गोंदियातल्या कुठल्याही पानठेल्यावर दहा प्रकारांनी ऐकायला मिळतील. शेठ कुलूप लावून रायपूरला लेकाकडे गेला. जाताना गुलाबला म्हणाला, "तू बैठ के देख, बस." पगार चालू राहिला, काम थांबलं. भिजवणीचं पाणी बंद. टाकीत नवं काही जाईना.

आठवड्याभरात ज्योत बारकी झाली. पंधरा दिवसांत विझली. गुलाबनं कान लावला तर आत बुडबुड जवळजवळ नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा अंगणात मी पेपर वाचत होतो. त्याच्या हातात भुपेंद्रनं बारा वर्षांपूर्वी दिलेला इंग्रजी कागद होता, टाचणी मारलेली दोन पानं.

"गुरुजी, लेकरं उपाशी हायेत. यात काय लिहून हाय ते वाचा ना."

मी वाचलं. पहिल्या पानावर रोजच्या नोंदी, पट्ट्या, झाकण, नळ्या. सगळं ठाऊक असलेलं. मला कंटाळा आला. वर्गात मी पोरांना छडी दाखवून सांगायचो, प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचा. ते दुसरं पान मी उलटलं नाही. कागद त्याच्या हातात देऊन म्हणालो, "नवीन काही नाही यात. खायला काही द्यायला पाहिजे, नाहीतर मरतील." आणि वर जाणकारासारखी मान हलवली. भुपेंद्रचा जुना नंबर लागत नव्हता. लागला नाही म्हणून आम्ही पुन्हा लावलाही नाही. मास्तर आहे ना घरचा!

गुलाबला उपासाबद्दल कुणी काही शिकवायची गरज नव्हती. तो मूळचा दरेकशाकडचा. बाप जंगलात बांबू तोडायला, तेंदूपत्ता तोडायला जायचा. त्याच्या लहानपणी घरातलं धान फाल्गुनात संपायचं आणि मग झाडाखाली पडलेला मोह, म्हणजे मोहाची गोड फुलं, वेचून, वाळवून, शिजवून सगळं घर उन्हाळा काढायचं. एका उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण गेली. कागदावर ताप असं लिहिलं असेल. गुलाब एवढंच म्हणायचा, "उपाशी गेली ते. मोह पडाले आठ रोज उशीर झाला त्या साली." त्यामुळे त्याच्या लेकरांना भूक लागल्यावर त्याला काय सुचलं, हे मी सांगायला नको.

त्या चैत्रात अवकाळी पाऊस झाला होता. कुसुमबाईच्या भावाकडे दरेकशाला वेचून ठेवलेला मोह भिजून त्याला बुरशी आली होती. व्यापारी हात लावीना. गुलाब पॅसेंजरनं गेला आणि दोन पोती घेऊन आला. गोंदिया स्टेशनवर पोलिसानं अडवलं, "दारू गाळतोस काय रे?" गुलाब म्हणाला, "नाई साहेब, लेकरायसाठी नेऊन रायलो." पोलिसानं त्याला बराच वेळ बसवून ठेवलं. हे सांगताना गुलाब हसला होता. तो हसलेला मला आठवतो, कारण त्यानंतर तो फारसा हसला नाही.

पहिल्या दिवशी त्यानं बादलीभर मोह भिजवून कुस्करला आणि भिजवणीच्या पाण्याच्या नळीतून टाकीत सोडला. मी हजर होतो. दुसऱ्या सकाळी त्यानं कान लावला आणि मला हातानं जवळ बोलावलं. मीही कान लावला. आत भाताला आधण यावं तसा आवाज. चौथ्या दिवशी ज्योत पेटली.

"मोहानं आमाले जगवलं, त्याहीले नाई जगवनार?" गुलाब म्हणाला.

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "साखर आहे त्याच्यात. साखर कुणाला आवडत नाही?"

गुलाबनं एका बादलीच्या दोन केल्या, दोनाच्या चार. कुसुमबाईच्या भावाकडून आणखी पोती मागवली. अख्खी मिल मोहाच्या वासानं भरून गेली. कुसुमबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "इतकं कोनी जेवते का जी? पोट फुटंल त्याईचं." तिचं आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं. अति तिथे माती, हे फळ्यावर मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी ज्योत फडफडली आणि विझली. वरच्या नळीतून फेस आला. गुलाबनं कान लावला आणि तसाच उभा राहिला. मी विचारलं, "काय?" त्यानं पट्टी बुडवली. वर काढली ती नारिंगी. त्यानं ती फेकून दुसरी बुडवली, मग तिसरी. मी त्याचा हात धरला.

वाढपी घाईचे, जेवणारे सावकाश. मोहाची साखर मिळताच वाढप्यांनी आंबटाचे ढीग लावले, म्हाताऱ्यांना ते संपेना, आणि तेच आंबट त्यांच्या जिवावर उठलं. माझाच धडा, माझ्याच डोळ्यांसमोर. आम्ही चुन्याची निवळी ओतली, शेण ओतलं, दोन दिवस पट्टी पिवळसर झाली आणि पुन्हा नारिंगी. गुलाब टाकीच्या सावलीत बसून राहायचा. "आंबट कमी झालं का हो?" असं मला विचारायचा, तापाच्या माणसाबद्दल विचारावं तसं.

पावसाळ्यात शेठ परतला, धान आलं, मिल सुरू झाली आणि तेव्हा कुठे भुपेंद्रचा पत्ता लागला. बैल गेला नि झोपा केला. त्यानं टाकी तपासली, गाळ हातात घेऊन वास घेतला.

"काय घातलं होतं?"

गुलाबनं सांगितलं.

"पण का? बंद असताना काहीच द्यायचं नसतं. उपाशी राहिले की ते झोपतात. सहा महिने, वर्षभरसुद्धा पडून राहतात आणि पुन्हा जेवण आलं की हळूहळू उठतात. मी लिहून दिलं होतं. दुसऱ्या पानावर, सगळ्यात वर."

गुलाबनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो भुपेंद्रकडेच बघत होता.

"उपाशी जगली असती?"

"हो."

"काईच नसतं देल्लं तर जगली असती?"

"हो, काका."

"उपाशी?"

तिसऱ्यांदा भुपेंद्रनं नुसती मान डोलावली. त्याला काय कळणार, हा माणूस काय विचारतोय ते.

उपाय त्यानं सांगितला. टाकी रिकामी करा, नवा गाळ आणा, आणि तीन-चार महिने थोडं थोडं पाणी द्या. तोवर मिल निम्म्यानं चालवा. शेठ म्हणाला, "अभी सीझन है. अभी नहीं." मग गुलाबकडे वळून, "एक हफ्ते के लिए बाजूवाली नाली खोल दे. फिर देखेंगे." टाकीला वळसा घालून नाल्याकडे जाणारी जुनी नाली होती, तिची लोखंडी फळी बारा वर्षं गंजून बसलेली. ती गुलाबलाच उघडावी लागली. एकदा तो नाही म्हणाला. शेठ म्हणाला, दुसरा माणूस उघडेल, मग तू घरी बस. घरी बसून फळीवर नजर तरी कोण ठेवणार, असा विचार करून त्यानं ती उघडली. हे त्यानं मला सांगितलं. मी त्याला भित्रा म्हणू शकलो असतो, पण तोंड कुठे होतं मला?

त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या सकाळी जाऊन त्याला सांगून टाकलं, "गुलाब, ते दुसरं पान मी उलटलंच नव्हतं."

तो टाकीत शेणाची बादली ओतत होता. मेलेल्या टाकीत रोज एक बादली. थांबला नाही. म्हणाला, "तुमी वाचून सांगतलं असतं तरी मी आयकलो नसतो, गुरुजी. उपासानं कोनी जगते, हे मले कोनी सांगतलं असतं तरी खरं वाटलं नसतं."

त्यानं मला माफ केलं असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आजही वाटत नाही.

एका आठवड्याचे चार महिने झाले. बोडी पुन्हा काळी पडली आणि मासे पुन्हा वर आले. कुसुमबाईनं पुन्हा घागर भरून नेली. या वेळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं नाही. आता ती शाळेमागच्या हातपंपावरून पाणी आणते. एका खेपेला अर्धा तास जातो, आणि तिचे गुडघेही माझ्यासारखेच दुखतात. संध्याकाळी ताट वाढताना ती लेकरांबद्दल विचारत नाही.

दिवाळीनंतर टाकीच्या तपासणीला सरकारी साहेब येणार असा निरोप आला. सकाळीच शेठनं गुलाबला बोलावलं. नाली आज बंद, भिजवणी आज बंद, आणि नळीच्या टोकाला ज्योत पाहिजे. ज्योत कुठून आणायची? गॅसचं सिलिंडर मागच्या बाजूनं नळीला जोडायचं. मिलचं सिलिंडर रिकामं होतं, चहा पुन्हा भुशाच्या शेगडीवर व्हायला लागला होता. शेठ म्हणाला, "तेरे घर का ले आ. कल दूसरा दिला दूँगा."

कुसुमबाई पाण्याला गेली होती. गुलाबनं घरातलं सिलिंडर सायकलवर बांधून आणलं. वाटेत मी भेटलो. मागून सिलिंडर धरून त्याच्याबरोबर गेलो. तपासणीचा निरोप गावभर झाला होता, त्यामुळे ते कशासाठी चाललं आहे हे मला कळलं होतं, तरी धरलं.

आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी. ज्योत मोठी पेटली, पिवळी, वर काजळी सोडणारी. गुलाबची ज्योत निळी असायची, जेमतेम दिसणारी. साहेबांनी फोटो काढले. त्यातले एक मोठे साहेब भले होते. त्यांनी गुलाबच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत विचारलं, "बारा वर्षं सांभाळताय म्हणे. काय खाऊ घालता हो यांना?"

या एका प्रश्नावर गुलाब एकेकाळी तासभर बोलला असता. तो म्हणाला, "काई नाई साहेब. काई न देलेलंच बरं रायते."

साहेबांना ते विनोदी वाटलं.

ते गेल्यावर त्यानं सिलिंडर सोडलं, सायकलवर बांधलं आणि आम्ही उताराला लागलो. पाळीवर पोचलो तर समोरून कुसुमबाई येत होती, जवळजवळ धावत. डोक्यावरची घागर हिंदकळून तिचा खांदा भिजला होता. तिला मी कित्येक महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

"पेटली ना जी! पंपावरून दिसली मले!" ती लांबूनच ओरडली. "पिवळी दिसून राहिली होती, पन मी म्हनलं, आजारातून उठली असतील. आजारातून उठलेल्याचा रंग उडलेलाच रायते. जगली ना लेकरं? जेवली ना?"

गुलाबनं सायकल थांबवली. तिची नजर कॅरिअरवर गेली. सिलिंडरच्या कडेला तिनंच ओळखीसाठी बांधलेली लाल चिंधी होती.

तिनं घागर खाली ठेवली, पुढे होऊन दोरी सोडली आणि सिलिंडरला एका बाजूनं हात घातला. दुसरी बाजू गुलाबनं धरली. दोघांनी ते आत नेलं. मी सायकल धरून दारातच उभा राहिलो. आत तिनं नळी जोडली, काडी ओढली, निळी ज्योत पेटली आणि तिनं भाताचं भांडं वर ठेवलं. हातपंपाचं पाणी मोजून ओतलं.

"बसा गुरुजी," ती आतून म्हणाली. "जेवूनच जा आता."